कित्ता आणि अक्षर : गिटारच्या ध्वनिवर्धकाची कुळकथा

शाळामास्तराच्या आयुष्यांतला निम्मा काळ मुलांना 'पाहून लिहा' असें सांगण्यांत जातो आणि उरलेला निम्मा 'पाहून लिहूं नका' असें दरडावण्यांत जातो. पहिल्या इयत्तेंत आपण मुलापुढें कित्ता ठेवतों आणि म्हणतों, "ह्या अक्षरावरून हात फिरव, जसेंच्या तसें उतरलें पाहिजे." तोच मुलगा चार वर्षांनीं शेजाऱ्याच्या वहींतलें गणित जसेंच्या तसें उतरवतो, तेव्हां मात्र आपण त्याला बाकावर उभा करतों. ह्या दोन आज्ञा एकमेकींशीं कितपत जुळतात, हा प्रश्न नोकरींत असतांना माझ्या मनांत कधीं आला नाहीं. तो आणला माझ्या एका जुन्या विद्यार्थ्यानें.

हा विद्यार्थी विजेच्या यंत्रांची दुरुस्ती करतो. एके दिवशीं तो एक जड पेटी घेऊन घरीं आला. पेटींत कांचेचे चारपांच व्हॉल्व्ह मंद तांबूस जळत होते. विजेवर चालणाऱ्या गिटारचा आवाज मोठा करणारें तें यंत्र त्यानें स्वतःच्या हातानें बांधलें होतें. तो म्हणाला, "गुरुजी, लंडनमध्यें साठ वर्षांपूर्वीं झालेल्या एका यंत्रावरून हें केलें आहे. आंतली जोडणी सगळी तिथलीच." शाळेंत एकदां मीं त्याला शेजाऱ्याचें गणित उतरतांना पकडलें होतें, तें आठवून मीं सहज विचारलें, "म्हणजे अजून उतरवणें चालूंच आहे काय रे?" तो हंसला, पण लगेच म्हणाला, "उतरवलें आहे खरें. पण गुरुजी, ज्याच्यावरून मीं उतरवलें, त्यानेंहि दुसऱ्याचेंच उतरवलें होतें. आणि त्या दुसऱ्यानें तिसऱ्याचें." ह्या उत्तरानें मला स्वस्थ बसूं दिलें नाहीं. त्या यंत्राची कुळकथा मीं शोधली. तीच आज आपणांस सांगावयाची आहे.

प्रथम व्हॉल्व्ह म्हणजे काय तें पाहूं. आपल्यापैकीं वयस्क मंडळींना जुना रेडिओ आठवत असेल. कळ फिरवल्यावर आवाज येण्यास अर्धा मिनिट तरी लागे. आंतले व्हॉल्व्ह तापल्यावांचून रेडिओ बोलत नसे. व्हॉल्व्ह ही हवा काढून घेतलेली कांचेची नळी. तिच्या मध्यभागीं तापलेल्या धातूमधून विद्युत्कण बाहेर पडतात आणि भोंवतालच्या पत्र्याकडे धांव घेतात. ह्या दोहोंमध्यें तारेची एक बारीक जाळी असते. पाटाच्या तोंडाशीं असलेली लांकडी फळी एक पोर वर-खालीं करूं शकतें, पण तेवढ्यानें साऱ्या मळ्याचें पाणी कमीजास्त होतें. तसेंच ह्या जाळीवर पडणाऱ्या अगदीं क्षीण विद्युल्लहरीनें मोठा प्रवाह हुबेहूब कमीजास्त करतां येतो. लहानाचें मोठें करणें, हेंच व्हॉल्व्हचें काम. ली डी फॉरेस्ट ह्या अमेरिकन गृहस्थानें ही जाळी १९०६ सालीं घातली. परंतु ती नेमकें काय करते हें त्याला स्वतःला नीटसें उमगलें नव्हतें. अमेरिकेंतील टेलिफोन कंपनीनें १९१३ सालीं त्याचे हक्क विकत घेतले, तिच्या शास्त्रज्ञांनीं नळींतली हवा अधिक कसोशीनें काढली, आणि १९१५ च्या जानेवारींत न्यूयॉर्कचा माणूस सॅन फ्रान्सिस्कोच्या माणसाशीं तारेवरून बोलूं लागला. तेव्हां आपल्या कथेंतील पहिला ध्वनिवर्धक गाण्यासाठीं नव्हता, बोलण्यासाठीं होता, हें ध्यानांत ठेवावें.

गिटार हें मुळांत बैठकीचें वाद्य. तुताऱ्या आणि ढोल ह्यांच्या ताफ्यांत तिचा आवाज बुडून जाई. १९३१-३२ च्या सुमारास कॅलिफोर्नियांत जॉर्ज बोशां आणि ॲडॉल्फ रिकेनबॅकर ह्यांनीं गिटारच्या तारांखालीं लोहचुंबक आणि तारेचें वेटोळें बसवलें. पोलादी तार कंप पावली म्हणजे वेटोळ्यांत क्षीण प्रवाह उत्पन्न होतो. तो व्हॉल्व्हनें वाढवून लाउडस्पीकरला दिला कीं गिटार ताफ्यालाहि पुरून उरते. १९३९ सालीं बेनी गुडमन ह्यांच्या ताफ्यांत चार्ली क्रिश्चन नांवाचा तरुण विजेची गिटार घेऊन बसला, आणि आजवर ताल धरणारें हें वाद्य क्लॅरिनेटच्या बरोबरीनें एकट्यानें बोलूं लागलें.

ह्या नव्या वाद्यासाठीं यंत्रें करणाऱ्यांत लिओ फेंडर हे पुढें फार नांवाजले. त्यांचें शिक्षण हिशेबनिसाचें. मंदीच्या काळांत नोकरी गेल्यावर १९३८ सालीं त्यांनीं कॅलिफोर्नियांतील फुलर्टन गांवीं रेडिओ-दुरुस्तीचें दुकान घातलें. त्यांना गिटार वाजवतां येत नव्हती. गिऱ्हाइकांचीं बिघडलेलीं यंत्रें उघडून पाहतां पाहतां, कोठें काय जळतें आणि कोठें काय तुटतें, हें त्यांनीं जाणलें आणि मग स्वतः यंत्रें बांधूं लागले. १९५१ सालीं त्यांनीं खर्ज स्वराची विजेची गिटार काढली आणि १९५२ सालीं तिच्यासाठीं 'बासमन' नांवाचा ध्वनिवर्धक बाजारांत आणला. त्याचे पुढें अनेक अवतार झाले. त्यांतला १९५८ ते १९६० ह्या काळांतला, दहा इंची चार स्पीकरांचा अवतार आपल्या कथेचा नायक होय. तो केला खर्ज गिटारसाठीं, परंतु साध्या गिटारच्या वादकांनींच तो उचलून धरला.

आतां फेंडर ह्यांनीं हें सर्किट आणलें कोठून? त्या काळीं व्हॉल्व्ह बनविणाऱ्या कंपन्या जाडजूड पुस्तिका छापीत. प्रत्येक व्हॉल्व्हला किती व्होल्ट द्यावे, किती ओहमचा रोध लावावा, हें तर त्यांत असेच; पण शेवटीं नमुन्याचीं सर्किटेंहि असत. आपले व्हॉल्व्ह खपावे हा कंपन्यांचा हेतु, आणि गांवोगांवच्या दुरुस्तीवाल्यांना मिळाली ती फुकटची पाठशाळा. फेंडर ह्यांच्या जुन्या यंत्रांच्या आंतल्या बाजूस चिकटविलेल्या कागदावर आणखी एक मौज वाचावयास मिळते : टेलिफोन कंपनी आणि वेस्टर्न इलेक्ट्रिक ह्यांच्या पेटंटांचा परवाना घेऊन हें यंत्र केलें आहे, असें त्यावर छापलेलें असे. म्हणजे न्यूयॉर्क आणि सॅन फ्रान्सिस्को ह्यांना जोडणाऱ्या त्या पहिल्या ध्वनिवर्धकाचें देणें गिटारचा ध्वनिवर्धकहि देत होता. फेंडर ह्यांनीं पुस्तिकेंतले धडे जोडले, तपासले, वादकांच्या हातीं देऊन पुन्हां पुन्हां बदलले. हें सर्व करतांना त्यांच्यापुढेंहि एक कित्ता होता, एवढेंच येथें म्हणावयाचें आहे.

आतां आपण अटलांटिक महासागर ओलांडून लंडनच्या पश्चिमेकडील हॅनवेल ह्या वस्तींत येऊं. तेथें जिम मार्शल नांवाचे ढोलवादक राहत. त्यांचा जन्म १९२३ सालचा. लहानपणीं हाडांच्या क्षयामुळें त्यांचीं कित्येक वर्षें प्लॅस्टरमध्यें गेलीं आणि शाळा जवळजवळ झालीच नाहीं. पुढें त्यांनीं यंत्रकाम शिकून घेतलें, ताफ्यांत ढोल वाजवले, गायिले, आणि मग तरुण मुलांना ढोल शिकविण्याचे वर्ग चालवले. त्या कमाईवर १९६० सालीं त्यांनीं अक्सब्रिज रोडवर ढोलांचें दुकान उघडलें. ढोल शिकणाऱ्या मुलांबरोबर त्यांचे गिटारवाले मित्र दुकानांत येऊं लागले. त्यांची तक्रार एकच : आम्हांला हवा तसा ध्वनिवर्धक विलायतेंत कोणी करीत नाहीं, आणि फेंडरचा अमेरिकेहून आणावा तर परवडत नाहीं.

मार्शल ह्यांना व्हॉल्व्हचें ज्ञान नव्हतें. परंतु गिऱ्हाइकाचें ऐकून घेण्याचें ज्ञान होतें. त्यांच्या दुकानांत केन ब्रॅन नांवाचे दुरुस्ती-कारागीर होते. ब्रॅन ह्यांनीं डडली क्रेव्हन नांवाच्या अवघ्या अठरा वर्षांच्या मुलाला मदतीस घेतलें. हा मुलगा ई. एम. आय. ह्या ध्वनिमुद्रण आणि विद्युत्-यंत्रांच्या मोठ्या कंपनींत उमेदवारी करीत होता. ह्या मंडळींनीं फेंडरचा बासमन समोर ठेवला आणि रोधामागून रोध, धारित्रामागून धारित्र असें तें सर्किट उतरून काढलें. पहिले कांहीं नमुने मनास आले नाहींत. मार्शल सांगत कीं, पांच नमुने झाल्यावर सहाव्यांत हवा तो आवाज सांपडला. १९६२ सालीं तें यंत्र दुकानांत मांडण्यांत आलें. जिम आणि त्यांचा मुलगा टेरी ह्यांच्या नांवांच्या आद्याक्षरांवरून त्याला 'जे. टी. एम. ४५' असें नांव पडलें. यंत्र बासमनवरून केलें, ही गोष्ट मार्शल ह्यांनीं कधीं लपवून ठेवली नाहीं.

येथवरची हकीकत ऐकून कोणीहि म्हणेल, ही तर उघड उघड नक्कल! मीहि तसेंच म्हणालों असतों. परंतु शाळेंत आम्ही मास्तर नक्कल ओळखतों ती एका खुणेवरून : शेजाऱ्याची चूकसुद्धां जशीच्या तशी उतरलेली असते. हॅनवेलच्या वहींत नेमकें ह्याच्या उलट झालें. सर्किट उतरलें तंतोतंत, पण सुटे भाग मात्र अमेरिकेचे मिळेनात. जे विलायतच्या बाजारांत मिळत, ते घालणें भाग पडलें, आणि प्रत्येक अदलाबदलीबरोबर आवाज थोडाथोडा बदलत गेला.

उदाहरणार्थ, बासमनच्या दारावरचा पहिला व्हॉल्व्ह सौम्य प्रकृतीचा होता; त्याचा वर्धनांक सुमारें ४०. मार्शलनें तेथें विलायतेंत सहज मिळणारा ई. सी. सी. ८३ घातला; त्याचा वर्धनांक १००. त्यामुळें पुढच्या व्हॉल्व्हांवर अधिक जोराचा मारा होऊं लागला. शेवटचे शक्तिशाली व्हॉल्व्ह आरंभीं अमेरिकन पद्धतीचे होते, पण लवकरच त्यांच्या जागीं विलायती के. टी. ६६ आले. ट्रान्सफॉर्मर निराळे, आणि स्पीकर सेलेस्टियन कंपनीचे, बारा इंची. त्या काळचे हे स्पीकर नाजूक. एकाला किंवा दोघांना हा भार सोसेना, ते फाटूं लागले. म्हणून चार स्पीकर एका पेटींत बसवले. फेंडरची पेटी मागून उघडी असे. मार्शलनें ती मागून बंद केली. त्यामुळें खालचे स्वर भरदार झाले आणि आवाज छातींत धक्का दिल्याप्रमाणें समोर येऊं लागला. पुढें जगभरच्या रंगमंचांवर ज्या काळ्या पेट्यांची भिंत दिसूं लागली, तिचा जन्म हा असा स्पीकरांच्या अशक्तपणांतून झाला.

ह्या सर्वांचा मिळून परिणाम काय झाला? यंत्राचा आवाज पुरता वर चढवला म्हणजे तें स्वच्छ बोलेनासें होई. त्याच्या स्वरांत एक खरखरीत, दाट, रडवी धार येई. विद्युत्-शास्त्रज्ञ ह्याला विकृति म्हणतात आणि ती यंत्राचा दोष मानतात. विहिरींत पोहरा सोडतांना दोर अपुरा पडला तर तो मध्येंच अडतो. तसा व्हॉल्व्हच्या कुवतीपलीकडे गेलेल्या लहरीचा माथा अडतो आणि चपटा होतो. माथा चपटा झाला कीं मूळ स्वरांत नसलेले वरचे उपस्वर त्यांत मिसळतात. व्हॉल्व्हचा विशेष असा कीं, तो हा माथा एकदम छाटीत नाहीं, हलके हलके दाबत नेतो. म्हणून ती विकृति कानाला केवळ कर्कश न वाटतां, ओरडून बसलेल्या माणसाच्या गळ्यासारखी जिवंत वाटते. आणि तार छेडल्यावर एरवीं लगेच विझून जाणारा स्वर सारंगीच्या गजाखालील स्वराप्रमाणें लांबत राहतो.

हा दोष गुण म्हणून प्रथम कोणी वापरला, ह्याविषयीं अनेक आख्यायिका आहेत. १९५१ सालीं अमेरिकेंतील मेम्फिस शहरीं एका ताफ्याचा ध्वनिवर्धक वाटेंत पडून त्याचा स्पीकर फाटला, ध्वनिमुद्रण करणाऱ्या सॅम फिलिप्स ह्यांनीं त्यांत कागद कोंबला, आणि त्या घरघरीसकट 'रॉकेट ८८' हें गाणें मुद्रित झालें, असें सांगतात. १९६४ सालीं लंडनच्या डेव्ह डेव्हिस ह्या पोरसवदा वादकानें तर आपल्या लहानशा ध्वनिवर्धकाचा स्पीकर वस्तऱ्याच्या पात्यानें मुद्दाम चिरला. परंतु ह्या दोषाला प्रतिष्ठा मिळाली ती १९६६ सालीं. एरिक क्लॅप्टन हे जॉन मेयॉल ह्यांच्या ताफ्याबरोबर डेका कंपनीच्या स्टुडिओंत ध्वनिमुद्रणास आले, तेव्हां त्यांनीं मार्शलचा ध्वनिवर्धक आणला आणि तो रंगमंचावर वाजवावा तितक्याच मोठ्यानें वाजवण्याचा आग्रह धरला. स्टुडिओच्या शिस्तींत हें बसणारें नव्हतें. तरी ध्वनिमुद्रण झालें, आणि ती तबकडी ऐकून जगभरचे तरुण विचारूं लागले कीं, हा आवाज गिटारमधून निघाला तरी कसा? त्याच वर्षीं लंडनला आलेल्या जिमी हेंड्रिक्स ह्यांनीं मार्शलच्या यंत्रांनाच आपलें दुसरें वाद्य केलें. योगायोग असा कीं, त्यांचें पूर्ण नांवहि जेम्स मार्शल हेंड्रिक्स असेंच होतें.

तेव्हां बासमन आणि मार्शल हीं सर्किटानें सख्खीं भावंडें, पण गळा दोघांचा निराळा. एकाच कित्त्यावरून हात फिरवलेल्या दोन मुलांचीं अक्षरें शेवटीं निराळीं उमटतात, कारण बोरू निराळा, शाई निराळी आणि मनगटहि निराळें. येथेंच कथा संपवली असती तरी चाललें असतें. परंतु माझ्या विद्यार्थ्यानें 'तिसऱ्याचें' म्हटलें होतें. त्या तिसऱ्याच्या शोधांत मला जें आढळलें, तें ह्याहून नवलाचें आहे.

बासमनमध्यें शेवटचे दोन शक्तिशाली व्हॉल्व्ह आळीपाळीनें लहर ढकलतात. मोटेवरचे दोन बैल एकाच वेळीं विरुद्ध दिशांना चालले तर जसें व्हावें, तसें तें काम चालतें. त्यासाठीं मूळ लहरीचीं एकमेकींस उलट अशीं दोन रूपें करावीं लागतात. हें करणारी व्हॉल्व्हची जोडगोळी बासमनमध्यें आहे, आणि मार्शलनें ती तेथूनच उतरून घेतली. तिचें मूळ मात्र ॲलन ब्लुमलाइन ह्या इंग्रज संशोधकाच्या १९३६ सालच्या पेटंटांत आहे. आज आपण दोन कानांनीं निरनिराळा ऐकतों तो स्टीरिओ आवाजहि ब्लुमलाइन ह्यांचीच देणगी. १९४२ सालीं विमानांतील रडारची चांचणी घेत असतां विमान कोसळून ते वयाच्या अवघ्या ३८ व्या वर्षीं गेले. ते नोकरीस होते ई. एम. आय. कंपनींत, म्हणजे ज्या कंपनींत पुढें डडली क्रेव्हन उमेदवारी करीत होता तिच्यांतच.

आणखी एक उदाहरण घ्या. बासमनमधील शक्तिशाली व्हॉल्व्ह हा अमेरिकेच्या आर. सी. ए. कंपनीनें १९३६ सालीं काढलेल्या ६ एल ६ ह्या व्हॉल्व्हचा वंशज. परंतु त्या व्हॉल्व्हमागची कल्पना, विद्युत्कणांचा झोत शलाकेसारखा एकवटण्याची कल्पना, तीनचार वर्षें आधीं ई. एम. आय. मधील कॅबट बुल आणि सिडनी रोडा ह्या दोघांनीं काढली होती. अमेरिकेनें ती उचलून ६ एल ६ केला. त्याच्या मागोमाग १९३७ सालीं विलायतेंत के. टी. ६६ झाला, आणि पंचवीस वर्षांनीं हॅनवेलच्या कारागिरांनीं अमेरिकन व्हॉल्व्हच्या जागीं तो के. टी. ६६ बसवला. म्हणजे लंडनच्या मुलांनीं अमेरिकेचें गणित उतरवलें खरें, पण त्यांतल्या दोन मोठ्या पायऱ्या त्यांच्याच गांवच्या वडीलधाऱ्यांनीं सोडवलेल्या होत्या! ई. एम. आय. चें आवार हेज येथें होतें, आणि हेजहून हॅनवेल कांहीं मैलांवरच. माहेरवाशीण महासागर ओलांडून सासरीं गेली, आणि तिच्या नाती पुन्हां आजोळच्या अंगणांत खेळूं लागल्या.

मार्शलनंतरहि हें उतरवणें आणि बदलणें थांबलें नाहीं. १९६० नंतरच्या दशकांत कॅलिफोर्नियांतील बर्कले येथें रँडल स्मिथ नांवाचा दुरुस्तीवाला होता. एका वादकमित्राची गंमत करावी म्हणून त्यानें फेंडरचाच 'प्रिन्स्टन' नांवाचा चिमुकला ध्वनिवर्धक उघडला, त्यांत बासमनच्या धर्तीचें दणकट सर्किट कोंबलें आणि बारा इंची स्पीकर बसवला. बाहेरून पेटी तीच, आंत मात्र राक्षस. कार्लोस सँटाना ह्यांनीं ती वाजवून पाहिली आणि तिच्यावर खूष होऊन जो शब्द उच्चारला, त्यावरूनच तिला 'बूगी' नांव पडलें, असें सांगतात. पुढें स्मिथ ह्यांनीं तिच्या आरंभींच व्हॉल्व्हची आणखी एक पायरी वाढवली. त्यामुळें विकृति आणि आवाजाचा मोठेपणा हीं दोन निरनिराळीं करतां येऊं लागलीं. हवी ती खरखरीत धार आतां शेजाऱ्यांची झोप न मोडतां मिळूं लागली. जुनें यंत्र उघडून त्याचें नवें करण्याच्या ह्या रीतीला तेव्हांपासून जणूं एका स्वतंत्र कलेची मान्यता मिळाली.

एव्हाना व्हॉल्व्हचा अस्तकाळ जवळ आला होता. १९४७ च्या डिसेंबरांत अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत ट्रान्झिस्टर जन्मला. तो लहान, थंड, स्वस्त आणि टिकाऊ. पुढच्या तीन दशकांत रेडिओ, टेलिफोन आणि दूरचित्रवाणी ह्या साऱ्यांनीं व्हॉल्व्हला निरोप दिला, आणि मोठमोठे कारखाने एकामागून एक बंद पडले. एका गिटारवाल्यानें मात्र त्याचा हात सोडला नाहीं. बाकीच्या जगाला आवाज निर्मळ हवा होता, आणि तो ट्रान्झिस्टर अधिक चांगला देई; गिटारवाल्याला तो दोष हवा होता, आणि तो व्हॉल्व्हच अधिक चांगला देई. स्लोव्हाकिया, रशिया आणि चीन ह्या देशांतील मोजके कारखाने मुख्यतः संगीताच्या गिऱ्हाइकीवर तगून राहिले. हा धागा किती बारीक आहे, हें १९२२ सालीं नव्हे, अगदीं अलीकडे २०२२ सालीं दिसून आलें : युक्रेनच्या युद्धामुळें रशियानें निर्यात थांबवितांच जगभर व्हॉल्व्हचा तुटवडा पडला आणि किंमती भडकल्या. १९९० च्या सुमारास फेंडर आणि मार्शल ह्या दोन्ही कंपन्यांनीं आपापलीं तीं जुनीं यंत्रें पुन्हां काढलीं. म्हणजे आतां ते आपल्याच जुन्या अक्षराचा कित्ता गिरवूं लागले!

आज जगभर हौशी लोक सुटे भाग गोळा करून घरच्या टेबलावर हीं यंत्रें बांधतात. कोणी जुन्या रेडिओचें किंवा सभेंतल्या ध्वनिवर्धकाचें रूपांतर करतात. त्यांना वडीलकीच्या नात्यानें एक इशारा दिल्यावांचून पुढें जाववत नाहीं. ह्या यंत्रांत चारशेहून अधिक व्होल्टचा दाब असतो, आणि वीज बंद करून दोरी भिंतींतून काढली तरी आंतल्या धारित्रांत तो कांहीं काळ दबा धरून बसतो. जुन्या स्वस्त रेडिओंपैकीं कित्येकांत तर ट्रान्सफॉर्मरच नसतो. त्यांचा धातूचा सांगाडा थेट घरच्या विजेशीं जोडलेला असतो. अशा रेडिओला गिटार जोडणें म्हणजे उघडी तार वादकाच्या हातांत देणें होय. येथें कित्ता न समजतां गिरवणाऱ्याला बाकावर उभें राहण्याची शिक्षा मिळत नाहीं. त्याहून मोठी मिळते. म्हणून जाणत्याजवळ बसून शिकल्यावांचून ह्या पेटीचें झांकण उघडूं नये.

आणि हेंच, श्रोतेहो, माझ्या प्रश्नाचें उत्तर आहे असें मला वाटतें. कित्ता गिरवणें आणि शेजाऱ्याचें उतरवणें ह्या दोन गोष्टी बाहेरून सारख्या दिसतात, पण दोहोंत अंतर आहे. उतरवणाऱ्याला अक्षर कसें वळतें ह्याची पर्वा नसते. त्याला फक्त उत्तर हवें असतें. गिरवणाऱ्याला अक्षराचें वळण हवें असतें, आणि वळण हातांत बसलें म्हणजे कित्ता आपोआप बाजूला पडतो. फेंडरनें पुस्तिकेचें वळण घेतलें, ब्रॅन आणि क्रेव्हन ह्यांनीं फेंडरचें घेतलें, आणि हातांत जो बोरू आला त्यानें लिहिलें. जुळेना तेथें त्यांनीं कान लावून ऐकलें. त्या ऐकण्यामुळेंच नकलेची निर्मिति झाली.

एक रुखरुख मात्र मनांत राहते. त्या पेटीच्या कपाळावर पांढऱ्या अक्षरांत मार्शल हें एकच नांव असतें. मार्शल मोठे खरेच. २०१२ सालीं ते वारले तेव्हां जगभरच्या वादकांना हळहळ वाटली. परंतु ब्रॅन आणि क्रेव्हन हीं नांवें किती वादकांना ठाऊक आहेत? ब्लुमलाइन, बुल आणि रोडा हीं तर त्याहूनहि कमी जणांना. दुसऱ्यावरून घेणें हा गुन्हा नव्हे. ज्ञानाचा सारा व्यवहारच त्यावर चालला आहे. घेतलेलें कोणाकडून घेतलें हें विसरणें, हा मात्र गुन्हा आहे.

हें मीं माझ्या विद्यार्थ्याला बोलून दाखवलें. दुसऱ्या खेपेस तो आला तेव्हां त्यानें आपल्या पेटीचें मागचें झांकण काढून मला दाखवलें. आंतल्या बाजूस, जेथें फेंडर आपला कागद चिकटवीत असत तेथें, त्यानें एक कागद चिकटवला होता. त्यावर वरील सर्वांचीं नांवें एकाखालीं एक लिहिलीं होतीं, आणि शेवटीं स्वतःचें. मीं ती यादी नीट वाचली. पुष्कळ वर्षांपूर्वीं त्याच्या वहीवर मारलेल्या तांबड्या फुलीची मला आठवण झाली. खिशांतून पेन्सिल काढून मीं त्या कागदाच्या कोपऱ्यांत 'बरोबर' अशी खूण केली.